काजूच्या हंगामात गुडघे मोजायचे की अंगठे?

ताई, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. बेळगावात बीपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. माझा मावसभाऊ बांबोळीला एमबीबीएस करतो. त्याने आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, दोन महिन्यांच्या विद्यार्थी-संशोधनासाठी प्रस्ताव तयार केलाय, आणि घरात सध्या त्याचंच कौतुक चाललंय. मी चौकशी केली तर कळलं, फिजिओवाल्यांना तिथे अर्जच करता येत नाही. मग त्याने मला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची माहिती पाठवली. तिथे मेडिकलचे आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी उन्हाळ्यात एकत्र संशोधन शिकतात म्हणे. शिवाय एक ऑनलाइन जाहिरात आलीय : सहा आठवडे, बारा हजार रुपये, प्रमाणपत्र आणि 'तुमच्या नावाने शोधनिबंध'. आई म्हणते, मे महिन्यात घरी ये, काजूंना माणसं मिळत नाहीत. बाबा म्हणतात, फिजिओला कसलं आलंय संशोधन, एखाद्या क्लिनिकात बस, हात तरी बसेल. काय करू?
– वाळपईजवळची एक

प्रिय बाये,

आधी बारा हजारांचं बोलू. भरू नकोस. जाहिरातीतले शेवटचे तीन शब्दच सगळं सांगून जातात : 'तुमच्या नावाने शोधनिबंध'. सहा आठवड्यांत रुग्ण कोणी तपासले, परवानगी कोणी घेतली, आकडे कुठून आले, यातलं तुला काही ठाऊक नसणार आणि लेखकांच्या यादीत मात्र तुझं नाव असणार. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी लेखक कोणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्या आहेत : कामात खरा वाटा हवा, लिहिण्यात किंवा दुरुस्त करण्यात हात हवा, शेवटचा मसुदा वाचून मान्य केलेला हवा, आणि उद्या कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची तयारी हवी. चौथी अट लक्षात ठेव. एमपीटीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या, मुलाखतीत समोरच्या बाईंनी 'हे सँपल साइझ कसं काढलंत?' एवढंच विचारलं तरी तुझ्या तोंडचं पाणी पळेल.

पद्धतशीर शिकायचंच असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य-संशोधनाच्या मूलतत्त्वांचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. ही आयसीएमआरचीच संस्था. नावनोंदणीला पैसे पडत नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क. आणि पेड्रो नावाचा फिजिओथेरपीच्या संशोधनांचा संग्रह १९९९ पासून सिडनीहून चालतो, तोही फुकट. तुझ्या बारा हजारांत आईला पावसाआधी चांगली ताडपत्री येईल.

अमेरिकेचं एका दमात संपवते. तिथे असल्या उन्हाळी प्रशिक्षणांना बरेचदा एनआयएच या सरकारी संस्थेचा पैसा असतो. दोन-तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी टी-३५ नावाचं अनुदान असतं, आणि त्यावर फक्त अमेरिकेचे नागरिक किंवा तिथले कायमचे रहिवासी घेता येतात. आपल्याकडे अर्ध्या गावाने पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला असला तरी तो इथे कामाचा नाही. शिवाय तिथला फिजिओ आधी एक पदवी घेतो आणि मग तीन वर्षांची डीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतली डॉक्टरेट, करतो, तेव्हा तुमचं वर्षही एकमेकांशी जुळत नाही. मावसभावाने पाठवलेलं ते पान फेकू नकोस मात्र. त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, तिच्याकडे येतेच.

आता भाऊ. आयसीएमआरची ही योजना १९७९ पासून आहे, आणि ती एमबीबीएस आणि बीडीएसच्या मुलांसाठीच आखलेली आहे. आपल्याच कॉलेजातला गाइड, दोन महिन्यांचं काम, मग अहवाल. अहवाल मान्य झाला तरच विद्यावेतन आणि प्रमाणपत्र. फिजिओला दार बंद आहे याचा तुला राग आला असेल तर तो बरोबरच आहे. २०२१ च्या कायद्याने फिजिओसकट सगळ्या संलग्न आरोग्य व्यवसायांना मिळून एक राष्ट्रीय आयोग मिळाला, पण आयोग मिळाला म्हणून सगळीकडची दारं एका रात्रीत उघडत नाहीत. तुझ्या विद्यापीठाच्या संशोधन विभागात जाऊन पदवीच्या मुलांसाठी काही आहे का, हे तोंडाने विचार. नोटीस-बोर्डावर नसलेल्या गोष्टी पुष्कळदा कारकुनाच्या टेबलावर असतात.

आणि बाबा. 'फिजिओला कसलं संशोधन' हे त्यांचं म्हणणं चूक, पण 'हात बसेल' हा शब्द त्यांनी नेमका वापरलाय. मी तो त्यांच्याकडून उसना घेते, कारण तुझ्या सगळ्या पत्रात मला तेवढाच कामाचा वाटला.

माझी गोष्ट सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका रुग्णालयात मी गुडघ्याच्या दुखण्यावर छोटं काम केलं होतं. चाळीस माणसं, सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर, गुडघा किती अंशांत वाकतो ते मोजायचं. मोठ्या उत्साहाने वही घेऊन मी एका आकडेशास्त्राच्या सरांकडे गेले. त्यांनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, चष्मा काढला आणि विचारलं, "गोंयकारांचे गुडघे देव पाचाच्या पाढ्यात घडवतो का?" मी पाहिलं. ११०, ११५, १२०, ११५, १३०, १०५. चाळीसच्या चाळीस आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपत होते. मी खोटं लिहिलं नव्हतं गं. काटा एकशे सतराच्या आसपास दिसला की डोळा आपोआप जवळचा गोल आकडा धरत होता. उपचाराने पाच-सहा अंशांचा फरक पडतो का, हे मला शोधायचं होतं, आणि माझा डोळाच पाच अंशांनी घसरत होता. तीन महिन्यांचं काम. वही अजून माझ्याकडे आहे.

तेव्हा हात बसायला हवा, बाबा म्हणतात तसाच, पण क्लिनिकात बसून तो आपोआप बसत नाही. क्लिनिकात रुग्णाला बरं वाटलं की आपण खूश होतो आणि माप मागे पडतं. उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांत तुला शिकायचं असेल तर हे शीक : एकच गोष्ट, एकाच पद्धतीने, स्वतःला न फसवता मोजायची. अंगाने शिकायची ही विद्या, नुसत्या व्याख्यानाने येत नाही.

घरचेच दहा जण घे. आई, काकी, आजी, शेजारचे पोर. पालथं झोपवायचं की उताणं हे आधी ठरव आणि मग बदलू नकोस. गोनिओमीटरचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावर, वरचा दांडा खुब्याकडे, खालचा घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. हे तुला येतं. पण आता एक कर : आकड्यांची बाजू स्वतःकडे ठेवू नकोस. तू दांडे लाव, आकडा धाकट्या भावाने वाचायचा, वहीत लिहायचा आणि तुला सांगायचा नाही. प्रत्येक गुडघा तीनदा, मध्ये दुसरी माणसं घालून. दोन दिवसांनी तेच परत. मग वही उघड. आजीचा उजवा गुडघा एकदा १०८ आणि एकदा ११७ निघाला, तर आजीचं काही बिघडलेलं नाही, तुझा हात अजून नऊ अंशांचा आहे. नवाचा चारावर आला की पुढचं बोल. हा सराव आहे, संशोधन नव्हे. यातला एकही आकडा कुठे छापायचा नाही, आणि आजीला तसं सांगायचंही.

आता मे महिन्याचं. तू घरी जा.

आईला मदत म्हणून तर जाच, पण मला तुझ्या पत्रातली सगळ्यात चांगली संशोधनाची जागा तीच दिसली. काजूच्या हंगामात बायका सकाळी सातपासून बागेत असतात. कोणी टोकाला खिळा लावलेल्या काठीने बोंडू, म्हणजे काजूचं फळ, उचलतं, कोणी कमरेत वाकून. मग ढिगाभोवती उकिडवं बसून बोंडवाची बी पिळून काढायची, तासन् तास. नंतर कोळंबीत, म्हणजे रस काढायच्या कुंडीत, बोंडू तुडवणं, रसाचे डबे भट्टीपर्यंत वाहणं. ही कामं तू लहानपणापासून पाहत आलीस, म्हणून तुला ती दिसत नाहीत. यंदा फिजिओचे डोळे घेऊन बघ. कुठला सांधा किती वेळ कसा राहतो, कोण कधी उठून पाठ ताणतं, डबा डोक्यावर जातो की कमरेवर.

एक पैज लावते. तू पाठ आणि गुडघे मनात धरून जाशील. तिथली एखादी तुझ्यापुढे उजवा अंगठा धरेल. बी पिळताना सगळा जोर अंगठ्याच्या मुळाशी येतो, आणि दिवसात किती बिया निघतात ते मोजून बघ. पैज हरले तरी हरकत नाही, पण बागेत जायच्या आधी प्रश्न पक्का करू नकोस, एवढंच मला म्हणायचंय. मनगट, पाठ, मान अशा शरीराच्या नऊ भागांबद्दल गेल्या बारा महिन्यांत आणि गेल्या सात दिवसांत काय दुखलं हे विचारणारी एक प्रश्नावली आहे, नॉर्डिक नावाची, १९८७ पासून जगभर कामाच्या ठिकाणी वापरतात. ती आत्ता नुसती वाचून ठेव. आणि ती कोकणीत रात्री बसून स्वतः भाषांतर करू नकोस. 'दुखता' आणि 'चाळवता' यांत वाळपईच्या बाईला फरक कळतो, बेळगावच्या हॉस्टेलमध्ये बसून तुला तो कळणार नाही. भाषांतर, मग दुसऱ्याकडून उलट भाषांतर, मग पाच-सहा जणींवर करून बघणं, अशी त्याची रीत आहे.

आणखी एक खाच. समजा, पुढच्या वर्षी तू बागेतल्या साठ बायकांना विचारलंस आणि निघालं की गुडघे फारसे कोणाचे दुखत नाहीत. तू आनंदाने लिहिशील की काजूच्या कामाने गुडघ्याला त्रास नाही. पण जिचा गुडघा खरोखर गेला ती बागेत येतच नाही, ती घरी चुलीपुढे आहे. तुझ्या यादीत फक्त टिकलेल्या आल्या. तेव्हा 'गेल्या पाच वर्षांत काम कोणी सोडलं आणि का' हाही प्रश्न घे, आणि त्या घरांना जा. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. एका म्हाताऱ्या बाईने उंबऱ्यावर बसून विचारलं होतं, "आमका कोण विचारता?"

यंदाच माहिती गोळा करू का, असं तू आता मनात म्हणत असशील. नाही. नीतिमत्ता समितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची मंजुरी आल्याशिवाय एकाही माणसाकडून संशोधनासाठी माहिती घ्यायची नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांतलं संमतीचं प्रकरण तरी वाच. समितीच्या बैठका रोज होत नसतात, शंका काढून प्रस्ताव परत येतो, तो परत पाठवावा लागतो. पुष्कळ मुलांची सुट्टी यातच संपते आणि मग घाईत आधी माहिती, नंतर मंजुरी असला उलटा कारभार होतो. तुझा क्रम असा : या मे महिन्यात बघणं, वाचणं, हात बसवणं. पावसात प्रस्ताव आणि मंजुरी. पुढच्या मार्च-एप्रिलला हंगाम सुरू होईल तेव्हा हातात कागद असेल. एक वर्ष गेलं असं वाटेल. काजूच्या झाडालाही कोणी पहिल्या वर्षी बोंडू मागत नाही.

समितीपुढे जाताना तुझ्या बाबतीत एक अवघड गोष्ट आहे. बाग तुमची स्वतःची की पावणीत, म्हणजे लिलावात, घेतलेली, ते तू लिहिलं नाहीस. काही असलं तरी तिथे कामाला येणाऱ्या बायकांना तू मालकाच्या घरची मुलगी. भाटकाराच्या पोरीने 'माहिती देशील का?' म्हणून कागद पुढे केला तर 'नाही' कोण म्हणेल? ती संमती नव्हे. म्हणून स्वतःच्या घरच्या कामगार या अभ्यासात घेऊ नकोस. दुसऱ्या गावातल्या बागा बघ, किंवा संमती तरी तिसऱ्या माणसाला घेऊ दे. जिला वाचता येत नाही तिला कागद मोठ्याने वाचून दाखवायचा, तटस्थ साक्षीदार समोर हवा, मग अंगठा. सत्तरीत देवनागरी चालेल. पण उद्या तुझा मावसभाऊ हेच काम दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत करायला गेला तर तिथल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांना कोकणी रोमी लिपीतली लागेल, हेही त्याला सांगून ठेव.

भावाचं नाव निघालंच आहे तर त्याला सोबत घे. अमेरिकेच्या त्या पानावरची उचलण्यासारखी गोष्ट हीच : डॉक्टर होणारा आणि फिजिओ होणारी एकाच टेबलाशी बसतात. त्याला रक्तदाब, साखर, औषधं, जुने आजार कळतात. तुला सांधा, जोर, तोल कळतो. डोंगराळ बागेत म्हाताऱ्या बाईचा तोल बघायचा तर खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, ही साधी चाचणी तू त्याला अर्ध्या तासात शिकवशील. त्याच्या आयसीएमआरच्या कामात तुझं नाव विद्यार्थी म्हणून लागणार नाही. पण पुढे दोघांच्या गाइडांनी मिळून प्रस्ताव केला तर तू त्यात रीतसर सहभागी होऊ शकतेस. कोण काय करणार आणि नाव कोणत्या क्रमाने येणार, हे काम सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवा. मावसभाऊ-बहीण आहात म्हणूनच लिहून ठेवा. चवथीला एका पंगतीत जेवायचं आहे तुम्हाला.

बाबांना एक उदाहरण सांग. गोव्यातच, पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेच्या लोकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांवर एक मोठा अभ्यास केला, तो २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मोठी प्रयोगशाळा नाही, यंत्रं नाहीत. २४ दवाखाने, त्यातले १२ सरकारी आणि १२ खाजगी, आणि रुग्णांशी बोलायला आरोग्यशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या इथल्याच बायका. सरकारी केंद्रांत फायदा स्पष्ट दिसला. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. आणि दोन्ही गोष्टी छापल्या. मला त्या अभ्यासातलं हे दुसरं वाक्य जास्त आवडतं. तुझ्या अंगठ्याच्या पैजेतून काहीच निघालं नाही तर तेही असंच लिहायचं.

गाइडचं राहिलं. तुझ्या कॉलेजात कोणी काही देत नाही, असं तुझ्या पत्राच्या सुरातून वाटतं. बाये, शिक्षकांकडे 'मॅडम, मला रिसर्च करायचाय' म्हणून गेलं की त्या 'बघू' म्हणतात, कारण त्यांना तुझं कामही स्वतःच्याच डोक्यावर येताना दिसतं. तू दोन पानं घेऊन जा. पहिल्या पानावर बागेत काय पाहिलंस, साध्या मराठीत किंवा इंग्रजीत. दुसऱ्या पानावर एकच प्रश्न, कोणाला विचारणार, काय मोजणार, आणि तुझ्या दहा माणसांच्या वहीतून तुझा हात किती अंशांचा आहे ते. तिसऱ्या वर्षाची पोर स्वतःची चूक मोजून आणते म्हटल्यावर कुठल्याही बऱ्या शिक्षिकेची मान वर होते. आणि एका बाईंनी नाही म्हटलं तर दुसऱ्या. गाइड निवडताना त्यांचे किती पेपर छापले हे बघण्यापेक्षा आठवड्यातून अर्धा तास तुझ्यासाठी देतात का, हे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचार.

पानं मिरग लागायच्या आत लिही. पाऊस सुरू झाला की काजूचं काम विसरायला होतं, आणि आईच्या अंगठ्याची सूजही उतरलेली असते.

तुझी
ताई